गाडी उलाळ झाली की



पोस्टिंगच्या आठवणी लिहिताना मी गाड्यांचा विषय शक्यतो टाळतो. अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हरकी केलेल्या माणसाला एकदा गाडीवर बोलू दिलं की तो थांबत नाही, असं आमच्या घरात सर्वांचं मत आहे. पण गेल्या महिन्यात दोन वाचकांनी एकच प्रश्न विचारला. दोघेही माजी सैनिक. एक नाशिकचे, एक कोल्हापूरचे. दोघांनाही मोठ्या गाडीच्या मागं जोडायची कॅरॅव्हान घ्यायची आहे आणि दोघांनीही विचारलं, "आमची गाडी ओढेल का?"

मंडळी, हा प्रश्नच चुकीचा आहे. आजकालची कुठलीही दणकट गाडी टनभर वजन सहज ओढते. खरा प्रश्न आहे, ती सांभाळेल का? ओढणं इंजिनाचं काम आहे. सांभाळणं वजनाच्या मांडणीचं आणि वेगाचं काम आहे, आणि ती मांडणी आपण करतो. हे मला दोन वेळा शिकावं लागलं. एकदा १९९६ साली राजस्थानात, आणि एकदा २०२१ साली दिल्लीत. उलट्या क्रमानं सांगतो.

दिल्ली कॅन्ट ही माझी शेवटची पोस्टिंग. मार्च २०२१, पेन्शनला चार महिने राहिले होते. रविवारी सकाळी माझ्या जुन्या बॅटरी कमांडरसाहेबांचा फोन आला. साहेब मूळचे सातारचे, कर्नल म्हणून निवृत्त झाले आणि नोएडाच्या अरुण विहारमध्ये स्थायिक झाले. मी गनर असताना ते मला नावानं हाक मारायचे. मी नायब सुभेदार झाल्यापासून 'साहेब' म्हणतात. फौजेची रीतच ती.

"साहेब, आज मोकळे आहात का? एक वस्तू दाखवायची आहे. आणि थोडं विचारायचंही आहे."

आवाज नेहमीचा नव्हता. मी अंघोळ करून निघालो.

त्या दिवसांत दिल्लीभोवती एक वेगळंच दृश्य होतं. सिंघू, टिकरी आणि गाझीपूर या सीमांवर शेतकऱ्यांचं आंदोलन चालू होतं. राजकारण बाजूला ठेवतो, वर्दीतल्या माणसानं त्यात पडायचं नसतं आणि आता सवयही राहिली नाही. पण ड्रायव्हरच्या नजरेला एक गोष्ट दिसायचीच. पंजाब-हरियाणातून ट्रॅक्टरच्या मागं आलेल्या त्या ट्रॉल्या, वर ताडपत्री, आत गाद्या, चार्जिंगचा बोर्ड, कोपऱ्यात धान्याची पोती. माणसं त्यात महिनोन्‌महिने राहत होती. म्हणजे कॅरॅव्हानच की. आणि त्या शेकडो किलोमीटर कशा आल्या? हळू. ट्रॅक्टरच्या चालीनं. त्या चालीला मागचं ओझं सहसा झुलत नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

साहेबांच्या सोसायटीबाहेर ती वस्तू उभी होती. पांढरी, एका आखाची, दोन चाकांची कॅरॅव्हान. आत दोन पलंग, ओटा, पाण्याची टाकी. कोविडच्या वर्षात हॉटेलात उतरायची भीती, वहिनीसाहेबांना दम्याचा त्रास, आणि त्यांना पक्षी बघायचा नाद. म्हणून साहेबांनी ठरवलं, आपली खोली आपल्या मागं न्यायची. पहिलं ठिकाण भरतपूर. कागदपत्रं चोख, नोंदणी वेगळी केलेली, दिवे लागलेले. फौजी माणसाचं काम.

वहिनीसाहेब चहा करायला आत गेल्या आणि साहेबांनी खरी गोष्ट सांगितली. आदल्या दिवशी ते एकटेच चाचणी म्हणून यमुना एक्स्प्रेस वेवर गेले होते. ग्रेटर नोएडापासून आग्र्यापर्यंतचा हा १६५ किलोमीटरचा सरळ, गुळगुळीत काँक्रीटचा रस्ता. कारला १०० ची मर्यादा. साहेब ९० वर होते. उजवीकडून एक स्लीपर बस जोरात पुढं गेली.

"आधी बसनं बाजूला ढकलल्यासारखं झालं, मग आत ओढल्यासारखं. आणि मग मागून कुणीतरी शेपूट धरून हलवावं तशी गाडी हलायला लागली. मी ब्रेक मारला, तर जास्तच. आरशात कधी डावीकडून कॅरॅव्हान दिसायची, कधी उजवीकडून. माझं नशीब, शेजारच्या लेनमध्ये कुणी नव्हतं. कडेला थांबलो तेव्हा पाय थरथरत होते. हिला सांगितलेलं नाही."

मग थोडं थांबून म्हणाले, "मला तेव्हा आपली पाण्याची ट्रेलर आठवली."

मलाही तीच आठवली होती. पण त्या वेळी मी काही बोललो नाही. म्हटलं, "साहेब, वजनाचा काटा आहे का घरात? माणसांचा, न्हाणीघरात ठेवतात तो."

काटा आला. कॅरॅव्हान कारपासून सोडवली, चाकांना दोन्हीकडून विटा लावल्या. आदल्या दिवशी होतं तेच सामान आत होतं, साहेबांनी काहीच हलवलं नव्हतं. कारच्या हुकाच्या उंचीएवढा लाकडाचा ठोकळा काट्यावर उभा केला आणि त्यावर कॅरॅव्हानचं नाक टेकवायला गेलो. नाक म्हणजे पुढचं टोक, जे कारच्या बॉलवर बसतं. ते काट्यावर बसेचना. एका हातानं उचललं तर पाळण्यासारखं वर गेलं आणि तिकडंच राहिलं.

मी साहेबांना म्हटलं, "गाडी उलाळ आहे."

साहेब शेतकऱ्याच्या घरातले. शब्द ऐकल्याबरोबर त्यांनी कपाळावर हात मारला.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. मी वाळवा तालुक्यातला, उसाच्या पट्ट्यातला. माझे आजोबा बैलगाडीनं कारखान्यावर ऊस न्यायचे. बैलगाडीला एकच आख, म्हणजे ती तराजूसारखी. मागं जास्त भरलं की पुढचं जू वर उचलतं आणि जुपण्या बैलांच्या गळ्याला फास बसल्यासारख्या आवळतात. त्याला म्हणतात गाडी उलाळ होणं. पुढं फार भरलं तर जू खाली दाबतं आणि बैलांची मान सोलते. दोन्ही वाईट, पण आजोबा म्हणायचे, थोडी पुढं जड चालेल, मागं जड एक मोळीसुद्धा चालणार नाही. भरून झालं की ते जू हातानं उचलून बघायचे. कुठला काटा नाही, कुठलं पुस्तक नाही. हाताला वजन लागलं पाहिजे, पण उचलता आलं पाहिजे.

युरोपातले कॅरॅव्हानवाले हेच सांगतात, फक्त टक्क्यांत. एकूण वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के वजन नाकावर असावं. अमेरिकेत वेगळ्या बांधणीच्या ट्रेलरना १० ते १५ टक्के सांगतात. शिवाय तुमच्या कारच्या हुकावर जास्तीत जास्त किती भार चालतो तो आकडा कंपनीनं दिलेला असतो, त्याच्या आत राहायचं. साहेबांची कॅरॅव्हान सामानासकट हजार किलोच्या आसपास. म्हणजे नाकावर ५० ते ७० किलो हवेत. होते शून्याच्या खाली.

कागद-पेन्सिल घेऊन आम्ही गच्चीत बसलो. हिशेब शाळेतला आहे, तरफेचा. बॉलपासून आखापर्यंत तीन मीटर. पाण्याची टाकी ८० लिटरची, काठोकाठ भरलेली, म्हणजे ८० किलो, आणि ती आखाच्या मागं दीड मीटरवर. ८० गुणिले दीड भागिले तीन, म्हणजे नाकावरचे ४० किलो गेले. मागच्या भिंतीवर सायकलींचा स्टँड, दोन सायकली धरून ३० किलो, आखापासून २.४ मीटर मागं. आणखी २४ किलो गेले. रिकामी टाकी आणि सायकलींशिवाय नाकावर ६० किलो होते, अगदी हवे तेवढे. ६० मधून ६४ गेले. उरले उणे ४.

वजन वाढलं ११० किलो. हजार किलोच्या गाडीला ते काहीच नाही. पण ते कुठं ठेवलं, यानं सगळा खेळ बदलला.

मागं जड असलं की झुलतं का, तेही सांगतो. कॅरॅव्हान बॉलभोवती फिरायला मोकळी असते. वाऱ्याचा झोत आला, रस्त्याला खड्डा आला की ती जराशी आडवी होते. तिची चाकं तिला परत सरळ करायला बघतात. सरळ होताना ती थोडी पुढं जाते, दुसऱ्या बाजूला. कमी वेगात प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा लहान होतो आणि ती गप बसते. वेग वाढत गेला की झोके विरायला जास्त वेळ लागतो. आणि एका वेगाच्या पुढं झोका विरतच नाही, प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. तो वेग प्रत्येक जोडीचा वेगळा. मागं वजन टाकलं की तो वेग खाली येतो. साहेबांचा तो ९० च्या खाली आला होता आणि त्यांना पत्ताही नव्हता, कारण ८० पर्यंत गाडी लोण्यासारखी चालत होती. यातला धोका हाच आहे. ती आधी सांगत नाही.

आणखी एक बारकावा. नाकावरचं वजन बरोबर आलं म्हणून भागत नाही. काही हुशार माणसं मागं सायकली लटकवतात आणि तोल साधायला पुढच्या पेटीत तेवढंच जड काहीतरी कोंबतात. काटा ६० दाखवतो, माणूस खूश. पण दोन्ही टोकांना ओझं म्हणजे कावड झाली. खांद्यावर रिकामी काठी चटकन वळवता येते, चटकन थांबवताही येते. दोन्ही टोकांना भरलेल्या घागरी असल्या की एकदा गरगरायला लागलेली कावड थांबवताना माणूसच फिरतो. म्हणून जड सामान आखाच्या वर, मधोमध आणि जमिनीलगत. वरच्या कपाटात चादरी आणि बिस्किटं.

आता १९९६.

माझी तीन वर्षांची नोकरी झाली होती. नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात रिक्रूट म्हणून घडलो, ड्रायव्हर झालो, युनिटमध्ये आलो. राजस्थानात फायरिंगसाठी गेलो होतो. ट्रकच्या मागं दोन चाकांची पाण्याची ट्रेलर. परतीचा दिवस, टाकी अर्धी भरलेली. निघताना जाळ्यांचं गाठोडं, जेरीकॅन आणि एक स्टेपनी न्यायची राहिली होती. ती मी ट्रेलरच्या मागच्या बाजूला बांधली. का? उतरवायला सोपं जावं म्हणून. दुसरं काही कारण नाही.

उस्तादांनी सांगितलं होतं, ट्रेलर लावली की चाळीसच्या वर जायचं नाही. मी पासष्टवर होतो. उशीर झाला होता आणि रस्ता रिकामा होता. एका लांब उतारावर ट्रेलर झुलायला लागली. अर्ध्या टाकीतलं पाणी एकदा या भिंतीवर, एकदा त्या भिंतीवर. मी जोरात ब्रेक दाबला. ट्रेलर उलटली, हुक सुटला नाही, ट्रकचं मागचं टोक तिनं ओढून नेलं आणि ट्रकची डावी बाजू खेजडीच्या झाडावर आपटली. डावीकडं माझा को-ड्रायव्हर बसला होता. जत तालुक्यातला, माझ्याच बॅचचा. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला.

चौकशी झाली. मी जे होतं ते सांगितलं. शिक्षा झाली, ती बरोबरच होती. त्या वेळी बॅटरी कमांडर हेच साहेब होते. शिक्षेनंतर त्यांनी मला बोलावून एवढंच विचारलं होतं, "सामान मागं का बांधलंस?" मी म्हटलं, "सोयीचं होतं, सर." ते काही बोलले नाहीत.

पंचवीस वर्षांनी नोएडातल्या गच्चीत मी त्यांना तोच प्रश्न विचारला. "साहेब, सायकली मागं का लावल्या?"

साहेब हसले नाहीत. म्हणाले, "सोयीचं होतं."

म्हणून माझं मत असं झालं आहे की ओढगाडी सहसा अज्ञानानं उलटत नाही, सोयीनं उलटते. दार मागं असतं, म्हणून सामान मागं जातं. पाणी घरूनच भरलेलं बरं, म्हणून टाकी भरली जाते. निघायला उशीर झाला, म्हणून वेग वाढतो. प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी शहाणपणाची वाटते. बेरीज केली की उणे ४.

साहेबांनी लगेच मानलं असं नाही. त्यांचा मुद्दा रास्त होता. "गाडी नवी आहे. मागची ट्रेलर झुलायला लागली तर ओळखून ती स्वतः चाकांना वेगवेगळा ब्रेक लावते. माहितीपत्रकात लिहिलंय." खरं आहे. असं इलेक्ट्रॉनिक्स आज अनेक गाड्यांत असतं, बॉलला घर्षणानं आवळून धरणारे स्टॅबिलायझरही मिळतात, आणि ते कामाचे आहेत. परवडत असेल तर जरूर घ्या. पण हेल्मेट आहे म्हणून कुणी भिंतीवर डोकं आपटत नाही. ही साधनं चांगल्या मांडणीला राखण म्हणून आहेत. उलाळ गाडीला ती थोडा वेळ वाचवतील, आणि त्या थोड्या वेळात माणूस आणखी दहानं वेग वाढवेल.

दुसरा एक गैरसमज ट्रकवाल्यांत आणि आमच्यातही आहे. मागचं झुलायला लागलं की ॲक्सिलरेटर द्यायचा, म्हणजे ताणून सरळ होतं. क्षणभर होतंही. पण तुम्ही आता आणखी वेगात आहात, आणि झोका वेगावरच वाढतो. पुढचा झोका सांभाळायला वेग शिल्लक नसतो, रस्ताही नसतो.

मग करायचं काय? पाय हळूच ॲक्सिलरेटरवरून काढायचा. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरायचं, झोक्याच्या उलट फिरवत बसायचं नाही, कारण आपला हात नेहमी अर्धा झोका उशिरा पोचतो आणि त्यात भरच घालतो. जोराचा ब्रेक नाही. कॅरॅव्हानला वेगळा ब्रेक आणि त्याचा कंट्रोल हाताशी असेल तर फक्त तो, हलकेच. वेग आपोआप उतरेल तसा झोका विरेल. मग कडेला थांबायचं आणि कारण शोधायचं. "गेलं एकदाचं" म्हणून पुढं निघायचं नाही.

त्या रविवारी आम्ही टाकी रिकामी केली. पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन आखाच्या वर, जमिनीवर बांधले. सायकली कारच्या टपावर गेल्या. कॅरॅव्हानच्या टायरवरचा चार आकडी शिक्का वाचला, कारण अशा गाड्या वर्षातले दहा महिने उन्हात उभ्या असतात आणि टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. टायर ठीक होते, हवा मात्र कमी होती. कमी हवेचा टायर बाजूला लवतो आणि झोक्याला मदत करतो. दिल्लीच्या उन्हाळ्यात तो तापून फुटतो, ते वेगळंच. हवा भरली. पुन्हा काट्यावर नाक टेकवलं. ६१.

दुसऱ्या रविवारी पहाटे पुन्हा तोच रस्ता. साहेब चालवत होते, मी शेजारी, त्याच डाव्या सीटवर. हे आमच्या दोघांच्याही लक्षात होतं. ७० च्या वर जायचं नाही असं ठरलं होतं. जेवरच्या अलीकडं उजवीकडून एक बस गेली. कॅरॅव्हान एकदा हलली आणि गप बसली. साहेबांनी आरशात बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. कुणी काही बोललं नाही. टोल नाक्याजवळ थांबून चाकांच्या नटांना पाना लावून बघितला, साखळी बघितली, परत आलो.

आता वेगाबद्दल माझं म्हणणं. रस्त्याच्या कडेला १०० लिहिलंय, ते एकट्या कारसाठी आहे. जिथं लोक पिढ्यान्‌पिढ्या कॅरॅव्हान ओढतात तिथं वेगळी मर्यादा आहे. जर्मनीत साधारणपणे ताशी ८० किलोमीटर, आणि १०० साठी वेगळ्या अटी. ब्रिटनमध्ये मोटरवेवर ६० मैल, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटर, साध्या रस्त्यावर ५० मैल. आपल्या एक्स्प्रेस वेवर चुकीच्या बाजूनं येणारी मोटारसायकल, मागचा दिवा नसलेली भुशाची ट्रॉली आणि हिवाळ्यात धुकं, हे सगळं धरलं तर मी माझ्या माणसांना ७० सांगेन. भरतपूर त्यामुळं तासाभरानं लांबतं. पक्षी कुठं जात नाहीत.

दिल्लीत हे शिकायला सर्वांत चांगली जागा कुठली सांगू? २६ जानेवारीचे चित्ररथ. टीव्हीवर आपण किल्ला बघतो, मंदिर बघतो, नाचणारी मुलं बघतो. २०१५ साली आपल्या पंढरीच्या वारीचा चित्ररथ पहिला आला, २०१८ साली शिवराज्याभिषेकाचा, तेव्हा सगळ्या मराठी घरांत आनंद झाला. पण त्या सजावटीखाली असतो एक ट्रॅक्टर आणि एक ट्रेलर. ४५ फूट लांब, १४ फूट रुंद, १६ फूट उंच, इथपर्यंत जायची मुभा असते. एवढं उंच धूड, वर उभी माणसं, तरी ते डगमगत नाही. कारण मापं ठरलेली, चाल माणसाच्या पावलाची, आणि २३ तारखेच्या पूर्ण सरावाआधी कितीतरी फेऱ्या झालेल्या असतात. आत बसलेल्या ड्रायव्हरला कुणी टाळ्या वाजवत नाही. मी मात्र दर वर्षी त्याच्यासाठी वाजवतो.

सरकारकडं माझं एकच मागणं आहे. २०२१ साली महाराष्ट्रानं कॅरॅव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, चांगली गोष्ट आहे. पार्क होतील, वीज-पाण्याची सोय होईल. पण मागं ओढायची कॅरॅव्हान चालवायला शिकवणार कोण? चारचाकीच्या लायसन्सला मी आठचा आकडा काढला, रिव्हर्स दाखवला. मागं ट्रेलर लावून दाखव, असं कुणी म्हटलं नाही. फौजेत शिकवलं म्हणून मी शिकलो, तेही एक पाय गेल्यावर. काही जण म्हणतील, आणखी एक परीक्षा म्हणजे आणखी एक एजंट. खोटं नाही. ब्रिटननं तर डिसेंबर २०२१ मध्ये कारमागं ट्रेलर ओढायची वेगळी परीक्षा रद्दच केली. मग जर्मनीसारखं करा. तिथं मधल्या वजनाच्या जोडीसाठी परीक्षा नाही, फक्त सात तासांचं शिक्षण घ्यावं लागतं. एक दिवस. काटा, ठोकळा, रिव्हर्स आणि एक फेरी. शिकवायला माणसं हवीत तर प्रत्येक जिल्ह्यात तोफखान्याचे आणि एएससीचे निवृत्त ड्रायव्हर बसलेले आहेत. सिक्युरिटी गार्डच्या खुर्चीत बसवण्यापेक्षा त्यांना या कामाला लावा.

तोवर ज्यांनी प्रश्न विचारला त्या दोघांसाठी, निघण्याआधीची यादी:

१. भरून झाल्यावर नाकाचं वजन काट्यावर बघा. दर प्रवासाला, दर वेळी. परतीच्या प्रवासालाही, कारण परतताना सामान वेगळं बसतं.

२. जड ते आखावर, खाली. टाकी रिकामी. अर्धी टाकी सर्वांत वाईट.

३. मागच्या भिंतीवर काहीही लटकवू नका.

४. जोडल्यावर कॅरॅव्हान सपाट उभी राहिली पाहिजे, किंवा किंचित नाक खाली. नाक वर असेल तर निघू नका.

५. टायरची हवा, वय, नट, साखळी, दिवे. पन्नास किलोमीटरवर थांबून नट पुन्हा.

६. चालत्या कॅरॅव्हानमध्ये माणूस बसवू नका. साहेबांची नात म्हणाली होती, आजोबा, मी आत झोपून येते. साहेबांनी तिला काय सांगितलं माहीत नाही, पण ती कारमध्ये, बेल्ट लावून बसली.

भरतपूरहून साहेबांचा फोटो आला होता. कॅरॅव्हानच्या दारात वहिनीसाहेब, गळ्यात दुर्बीण. तो मी जतला पाठवला. माझ्या को-ड्रायव्हरला पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात पाय बसवून मिळाला, आता गावात त्याची पिठाची गिरणी आहे. सगळी हकिकत त्याला फोनवर सांगितली. काटा, ठोकळा, उणे ४. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "डाव्या सीटवर कोण बसलं होतं?"

मी म्हटलं, "मी."

"मग बरं झालं," तो म्हणाला. "आता कळलं असंल तिथनं कसं दिसतं ते."

जय हिंद.